कातरणाऱ्याचा हात

माझ्या वडिलांना, आण्णांना, गुदाशयाचा कॅन्सर. ऑपरेशन रोबोटनं करायचं की नेहमीच्या दुर्बिणीनं, हे डॉक्टरांनी आमच्यावर सोडलं होतं, आणि बारा वाजेपर्यंत फॉर्म भरून द्यायचा होता. सांगलीतल्या त्या हॉस्पिटलच्या बाकावर मी कोरा फॉर्म धरून बसलो होतो.

शेजारी जतकडचा एक मेंढपाळ होता. खांद्यावर घोंगडं, डावा तळहात सदऱ्यावरून पोटाशी दाबलेला. हात सरकून सदरा जरा वर झाला तेव्हा पोटाला लावलेली शौचाची पिशवी दिसली.

"तुमचंही हेच ऑपरेशन? कशानं केलं?" मी विचारलं.

"रोबोटनं. लय भारी मशीन. फोटूच बघत बसलो." तो हसला नाही. "आवं, मेंढरं कातराय माणूस बोलवायच्या आधी मी त्यानं कातरलेली मेंढरं बघून येतो. कुठं कातडं कापलंय का, हात फिरवून बघतो. हितं मातूर नुसती कातर बघितली. हात कुनाचा, किती बसलेला, इचारलंच न्हाई."

"म्हणजे मशीन वाईट?"

"मशीनला कशाला नावं ठेवू? पिशवी तशी बी लागली असती म्हनत्यात. पर इचारलं न्हाई, ह्ये रोज टोचतंय."

बाराला पाच मिनिटं होती. मी आत गेलो. "डॉक्टर, रोबोटवर तुमचा हात किती बसलाय?"

त्यांनी माझ्या हातातला फॉर्म ओढून घेतला आणि दुर्बिणीपुढच्या चौकोनात स्वतःच खूण केली.