नीलिमाची नऊ कप्प्यांची पिशवी

त्या मंगळवारी सकाळी मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या गेटवर नीलिमाची वाट बघत उभी होते. नव्याने रंगवलेल्या पंपांचे फोटो काढायचे होते. कॅमेरा माझ्याकडे, लेन्सवर लावायचे फिल्टर तिच्याकडे, अशी आमची बारा वर्षांची वाटणी. रंगावरची चमक कापणारा पोलरायझर ती आणणार, मग काम सुरू. तिच्या नंबरवरून फोन आला. "अगं, कुठे राहिलीस?" मी ओरडलेच. पलीकडे तिचा नवरा होता, शिरीष. म्हणाला, "नीलिमा गेली." मी विचारलं, "कुठे?" विचारल्यावर माझं मलाच कळलं. आदल्या संध्याकाळी तर तिने मला, "उद्या उशीर करू नकोस," म्हणून दटावलं होतं!

ही वाटणी माझ्याच चुकीमुळे झालेली. सुरुवातीला मी फिल्टर टिश्यूत गुंडाळून बॅगेत कुठेही कोंबायचे. ते बघून नीलिमाने शिरीषच्या जुन्या मऊ सदऱ्याची नऊ कप्प्यांची पिशवी शिवली. प्रत्येक कप्प्याला वेगळं बटण, म्हणजे न बघता नुसत्या बोटांना कळावं कुठला फिल्टर कुठे आहे. पावसाळ्यात तळाशी ओल शोषणाऱ्या पुड्या. एकदा बाळकुमला एका इमारतीचे फोटो काढताना माझ्या हातून तिचा एक फिल्टर पडला, कडेला तडा गेला. मी तो गुपचूप कप्प्यात परत ठेवला. पुढच्या कामाला, गिऱ्हाइकासमोरच, तो तिच्या हातात आला. तिने तो परत कप्प्यात ठेवला आणि काम पूर्ण केलं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "काच दुसरी मिळते गं. पण मला सांगावंसं का नाही वाटलं तुला?" मी रडले. तिने पिशवी माझ्या मांडीवरून उचलून स्वतःच्या खांद्याला लावली. त्यानंतर कधी तिने तो विषय काढला नाही, आणि पिशवीही माझ्याकडे दिली नाही.

तीन आठवड्यांनी शिरीषने डोंबिवलीला घरी बोलावलं. पिशवी जेवणाच्या टेबलावर होती. "निघतानाच लावलेली तिने खांद्याला," तो म्हणाला. "चप्पल घालायला खाली बसली आणि..." एक्कावन्न वर्षं. कसलं दुखणं नाही, गोळी नाही. मी पिशवीकडे बघत राहिले, हात पुढे होईना.

मग तोच म्हणाला, "यातलं काय कशासाठी, सांगशील? एवढी वर्षं विचारलंच नाही मी."

मी एकेक फिल्टर काढून सांगत गेले. आकाश गडद करणारा, उजेड कमी करणारा... तो प्रत्येक फिल्टर खिडकीकडे धरून तिरका करून बघत होता. मला वाटलं, पलीकडचं दृश्य बघतोय. शेवटचा खाली ठेवून तो हळूच म्हणाला, "तिच्या बोटाचा एकही ठसा नाही गं कुठे."

नसणारच. ती फिल्टर नेहमी कडेने धरायची.