पाहुण्यांच्या सत्काराला यंत्रमानव

इंदापूरला विज्ञान प्रदर्शन भरलं तेव्हा मी नववीत होते आणि माझा राग आजच्यासारखाच नाकाच्या शेंड्यावर असायचा. कऱ्हाटीहून मी आणि माझी चुलत बहीण, असा आमचा दोघींचा संघ. तुपाचा डबा, भंगारातल्या टेपरेकॉर्डरची मोटर आणि पत्र्याचा एक हात, एवढ्यावर आम्ही यंत्रमानव उभा केला होता. स्पर्धा सरळ होती. टेबलावरचे उसाचे बोटभर तुकडे उचलून टोपलीत टाकायचे; ज्याचे जास्त, त्याचा पहिला नंबर. आणि पहिला नंबर पुण्याला, जिल्ह्याच्या स्पर्धेला जाणार. आम्हा दोघींना पुण्याला जायचंच होतं. बहिणीनं तर नव्या रिबिनीसुद्धा आणून ठेवल्या होत्या.

प्रमुख पाहुणे सकाळी येणार होते, म्हणजे दुपारी आले. तोवर रस्त्यावर धुरळा दिसला की स्वागतगीत सुरू! एका दुधाच्या टेम्पोचं आम्ही अख्ख्या दोन कडव्यांनी स्वागत केलं. ड्रायव्हर बिचारा नमस्कार करून गेला.

पाहुणे आले आणि सत्कार सुरू झाले. पाहुण्यांचा झाला, पाहुण्यांबरोबर आलेल्यांचा झाला, मग सत्कार करणाऱ्यांचा राहिलाच की म्हणून त्यांचाही झाला. शेवटी यजमान शाळेच्या हेडमास्तरांना सुचलं, की मुख्य हार आपल्या शाळेचा यंत्रमानव घालेल. त्या शाळेची दोन पोरं पांढरीफटक पडली.

"सर, त्यो हात उसाच्या तुकड्यापुरताच हाय," त्यातला एक कसाबसा म्हणाला.

"गप रे! पाहुणे काय उसाच्या तुकड्यापेक्षा कमी आहेत का?"

हार कसला, पोळ्याला बैलाच्या गळ्यात शोभेल एवढा जाड, ओल्या झेंडूचा. यंत्रमानवाचा हात अर्ध्यावर गेला, आतून कड् असा आवाज आला आणि हात लोंबायला लागला. पाहुणे समजूतदार. त्यांनी स्वतःच वाकून हारात मुंडकं घातलं. टाळ्यांचा कडकडाट झाला, फोटो निघाले.

मग उरलेल्या वेळात स्पर्धा उरकली. आमच्या डब्यानं सगळ्यांत जास्त, चार तुकडे टोपलीत टाकले. यजमानांच्या यंत्रमानवाचा हात हललासुद्धा नाही. पाहुण्यांनी माइक हातात घेतला.

"तुकडे काय हो, मजूरबी उचलतात! पण माणसाचा मान ठेवणारं यंत्र मी आज पहिल्यांदा बघितलं. पहिला नंबर ह्यालाच!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारी आमचे सरही टाळ्या वाजवत होते. काय बोलणार यांना?

सगळे चहाला पांगल्यावर मी बहिणीला ओढत त्या पोरांना फाडफाड बोलायला निघाले. दोघं एका रिकाम्या वर्गात बसले होते. बक्षिसाची ढाल फरशीवर पडली होती आणि यंत्रमानव एकाच्या मांडीवर. त्या पोराचे डोळे लाल झाले होते.

"ढाल न्यायला आला का? न्या," तो म्हणाला. "आमी एकबी तुकडा उचलला न्हाय, ठावं हाय आमाला."

"मग पुन्याला कशाला जाताय?" मी विचारलं.

"जावंच लागतंय. हेडसर म्हनले, तितंबी पावन्यांना हारच घालायचा."

मला फिस्सकन हसू आलं. पण तो हसला नाही.

"वरीसभर ह्यो हात केलाय. घरी म्हनत्यात, डबं वाजवत बसलाय. आज दावनार हुतो. कुनी एकदाबी चालताना बघितला न्हाय."

घ्या, आता भांडायचं कसं? आमचे चार तुकडे निदान अख्ख्या मांडवानं पाहिले होते. मला त्या पोराची इतकी कीव आली, की पाहुण्यांवरचा राग दुप्पट झाला.

बहिणीनं तोवर पिशवीतून पेचकस काढला होता. त्यांच्या यंत्रमानवाच्या हातातल्या चाकाचे दाते झडले होते. टेपरेकॉर्डर त्यांनीही भंगारातूनच आणलेला, तेव्हा आमच्या डब्यातलं चाक तिथं बसलं. पोरानं सेल लावले. हात खाली गेला, तुकडा अलगद धरला, टोपलीत टाकला. लगेच दुसरा, मग तिसरा. आमचा डबा एवढ्या वेळात एक तुकडा धड धरत नव्हता.

"अगं बया, ह्यो तर आपल्यापरीस भारी हाय!" बहीण म्हणाली.

मला झोंबलं. पण खरंच भारी होता. आम्ही दोघींनी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या, आणि ते पोरगं टोपलीकडं बघत रडायला लागलं.

बाहेरून सरांची हाक आली, "चला गं, एस्टी लागलीय!" पोरगं डोळे पुसून आमचं चाक परत द्यायला स्क्रू काढायला लागलं. मी त्याच्या हातातून पेचकस हिसकावून घेतला.

"ऱ्हाऊ द्या तितंच. पर पुन्यात कुनी हार घालाय सांगितला, तर आदी सेल काढून खिशात घाला."