परकराची नाडी

मैत्रिणींनो, राहवत नाही म्हणून लिहितेय.

आज भाच्याच्या साखरपुड्यासाठी आईने चार महिन्यांनी साडी नेसायला घेतली. आतड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर तिच्या पोटावर शौचासाठी पिशवी असते. परकराची नाडी नेमकी त्या पिशवीवरच आली. आईने साडीची घडी घातली. "असू दे गं, तुम्ही जाऊन या."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पिशवीची जागा पेनाने आखताना सिस्टरनी तिला विचारलं होतं, "मावशी, परकर कुठे बांधता?" आई लाजली. मला रिपोर्ट आणायची घाई. मीच म्हटलं, "अहो, गाऊनच घालते ती. आटपा ना लवकर!"

तुमच्याकडे कोणाचं असं ऑपरेशन असेल, तर तेव्हा जरा गप्प बसा. सिस्टरनी आईला विचारलं होतं. उत्तर मी दिलं.