घाण शब्द दाखवा, सर

गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा अॅडमिन मी झालो तो केवळ रिटायर झालो म्हणून. रिकामा माणूस, त्यात मराठीचा मास्तर. शिरूर-दौंड पट्ट्यात घोड नदीच्या काठाला आमचं गाव आहे. तिथल्याच हायस्कुलात जन्म घालवल्यामुळे ग्रुपातल्या निम्म्या लोकांचे कान मी कधी ना कधी धरलेले होते. त्यांनी मला अॅडमिन केलं आणि मी लगेच फळ्यासमोर उभा राहिल्यासारखा नियम टाकला. वाद घाला, हवा तेवढा घाला, पण शिवी नको. शिवी दिली की बाहेर, मग तो सरपंच असो नाहीतर माझा सख्खा भाऊ.

आमच्याकडे भांडण मिटवायची जुनी रीत आहे. दोन्ही बाजूंना पारावर बसवायचं, एकेकाचं ऐकून घ्यायचं आणि शेवटी दोघांनीही ‘चुकलं’ म्हणायचं. मग दोघांनी एकाच ताटलीतला गूळ खायचा. कोण किती चुकलं ते उकरायचं नाही. टाळी एका हातानं वाजत नाही म्हणायचं आणि धोतर झटकून उठायचं. बांधाची, पाण्याच्या पाळीची कितीतरी भांडणं माझ्या वडिलांनी अशी मिटवली. न्याय म्हणजे हाच, असं माझ्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलं होतं.

ग्रुपात बायका बऱ्याच होत्या, पण बोलणारी एकच. ती माझीच विद्यार्थिनी, तिशी ओलांडलेली, रांजणगावला एका कंपनीत कामाला. फर्स्ट शिफ्टची बस तिला पहाटे साडेपाचला फाट्यावर पकडावी लागे. तिच्या वस्तीपासून फाट्यापर्यंत दोन्ही अंगांना ऊस, आणि मधल्या खांबावरचा दिवा महिनाभर बंद. उसात बिबट्या. आमच्याकडे हे कोणी गोष्ट म्हणून सांगत नाही. त्याच वस्तीवरची दोन कुत्री त्या महिन्यात गेली होती.

तिनं ग्रुपवर लिहिलं, ‘फाट्याच्या रस्त्यावरचा दिवा बंद आहे. पहाटे जाताना भीती वाटते. पंचायतीने लक्ष घालावे ही विनंती.’

पहिलं उत्तर आलं गावच्या विकास सोसायटीच्या एका तरुण संचालकाचं. तोही माझाच विद्यार्थी. त्याचे निबंध मी वर्गात वाचून दाखवायचो. त्यानं लिहिलं, ‘ताईसाहेब, आपण फक्त आज्ञा करावी. पहाटे आपली सोबत करण्याचे भाग्य आम्हांस लाभू द्या.’ पुढे जोडलेले हात. त्याच्याखाली दुसरा म्हणाला, ‘बिबट्या नशीबवान.’ तिसरा म्हणाला, ‘त्यालाही चांगलं-वाईट कळतं, तो ताईंचीच वाट बघत असणार.’ आणि मग हसणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग.

ती रोज दिव्याचं विचारायची आणि रोज हेच. ताईसाहेबांची शिफ्ट कधी बदलणार, ताईसाहेबांचे यजमान इतके निवांत कसे झोपतात, ताईसाहेबांनी आज कोणत्या रंगाची ओढणी घेतली होती, लांबून नीट दिसली नाही. सगळीकडे ‘आपण’, सगळीकडे जोडलेले हात. मी वाचत होतो. खरं सांगायचं तर त्या बिबट्याच्या वाक्याला मला हसूही आलं होतं. हे लिहिताना आज मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पाचव्या दिवशी तिनं लिहिलं, ‘मुडदा बसवला तुमचा. घरात आया-बहिणी न्हाईत का?’

दहा मिनिटांत संचालकाचा मला फोन. “सर, नियम सगळ्यांना सारखा हाय का फकस्त आम्हाला?”

हा प्रश्न मला नेमका वर्मी लागला. पक्षपाती म्हटलेलं मला शाळेतही कधी सहन झालं नाही. मी ग्रुपवर जाहीर केलं, दोघांनीही माफी मागावी आणि विषय संपवावा. माझ्या मनात ती गुळाची ताटली होती. संचालकानं लगेच लिहिलं, ‘कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास हात जोडून क्षमस्व.’ त्याला टाळ्या पडल्या. तिनं मला एकटीला उद्देशून लिहिलं, ‘सर, मी कशाची माफी मागू?’ मी तिला सांगितलं की नियम म्हणजे नियम, शिवी दिलीस त्याची माग. तिचं उत्तर आलं नाही. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि मी तिला ग्रुपमधून काढलं. ‘सर, आदर्श निर्णय’ असे मेसेज आले. त्या दिवशी मी दोन घास जास्तच जेवलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको मेथी निवडत बसली होती. तिच्या कानावर आलं होतंच. ती म्हणाली, “काय लिवलं व्हतं तिला पोरांनी? वाचा की.”

मी मोबाइल पुढे केला.

“मला न्हाई दिसत बारीक. तुम्हीच वाचा. मोठ्यानं.”

मी वाचायला लागलो. पहिलं वाक्य वाचलं. दुसरं अर्ध्यावर अडकलं. ओढणीचं तर ओठांवर येईना. आयुष्यभर वर्गात खणखणीत वाचन केलेला माणूस मी, आणि स्वतःच्या बायकोसमोर ती चार ओळींची शुद्ध मराठी मला वाचता येईना. तिनं मान वर केली नाही. काड्या वेगळ्या काढत ती म्हणाली, “आन् शिवी तिनं दिली म्हंता?”

मग म्हणाली, “मी बी हाय की त्या ग्रुपात. दोन वरसं झाली. एक अक्षर लिवलंय का कवा? का न्हाई लिवलं, तुम्ही इचारलंत का?”

मी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, तिला लिहायचा कंटाळा आहे.

त्या दुपारी मी ग्रुपवर भला मोठा मेसेज लिहिला. सभ्य शब्दांतही छळ करता येतो, मी चुकलो, पोरांनी तिची खरी माफी मागावी, दिवा लावून द्यावा. उत्तरं आली, आणि सगळी आदराची. ‘सर, आपल्याविषयी आदर आहे, पण आपण एका बाजूचे झालात.’ ‘मस्करीसुद्धा करायची नाही का?’ शेवटी संचालकानं लिहिलं, ‘सर, आपणच शिकवलंत, आरोप केला की पुरावा द्यायचा. आमच्या मेसेजमधला एक घाण शब्द दाखवा. एकच.’

मी पुन्हा सगळं वरपासून खालपर्यंत वाचलं. एकही नव्हता. पुरावा माझ्यासमोर उघडा होता आणि मला त्याच्यावर बोट ठेवता येत नव्हतं. तीन वेळा लिहिलं, तीन वेळा पुसलं. हत्यार मीच घासून-पुसून त्याच्या हातात दिलं होतं. इतका हतबल मी वर्गात एकदाही झालो नव्हतो. मी तिला परत ग्रुपात घेतलं. पाच मिनिटांत ती स्वतःच बाहेर पडली. संचालकाला काढलं, तर त्यानं तासाभरात नवा ग्रुप काढला. त्याचं नाव ‘आपलं सभ्य गाव’. दोन दिवसांत सगळे तिकडे गेले. मलाही घेतलं, आदरानं.

रविवारी मी तिच्या घरी गेलो. सासूनं ओट्यावर पाणी आणून दिलं आणि आत हाक मारली. ती झेंडूच्या रानातून आली, हात हिरवे झालेले. मी विचारलं, आज सुट्टी ना?

“कंपनी सोडली, सर,” ती म्हणाली.

सासूच पुढं बोलली. कोणीतरी स्क्रीनशॉट काढून, मधलं सगळं कापून जोडला होता. त्यात पोरांचं काहीच नव्हतं. तिचा मुडद्याचा मेसेज होता आणि त्याच्याखाली मी तिला काढल्याची ओळ, माझ्या नावासकट. तो पाहुण्यांत फिरला, कंपनीच्या बसमध्ये फिरला. “मास्तरांनी काढलं म्हंजी कायतरी आसंल, असं लोकं म्हंत्यात,” सासू म्हणाली. “मग माझ्या पोरानं बंद केलं तिचं जाणं. लोकांची तोंडं कुठं धराय जावं?”

मी म्हटलं, मी नवऱ्याशी बोलतो, कंपनीत येतो, कुठंही येतो. चूक माझी आहे असं लिहून देतो.

ती हाताचा हिरवा रंग चोळत होती. मग म्हणाली, “सर, शाळंत तुम्ही सांगायचात, अडचण आसंल तर गप बसू नका, हात वर करा. मी केला की हात वर.” आणि मग लगेच, “च्या घेऊनच जावा,” म्हणून आत गेली.

चहा मी घेतला. न घेता उठणं म्हणजे तिला आणखी काहीतरी करायला लावणं झालं असतं. तिच्या नवऱ्याशीही बोललो. तो म्हणाला, “सर, तुम्ही मोठी माणसं, तुमचा काय दोष,” आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेला.

आठवड्याभरानं खांबावर दिवा लागला. संचालकानं खाली उभं राहून फोटो काढला, नव्या ग्रुपवर टाकला. अभिनंदनाचा पूर आला. एकाही शब्दात खोट काढायला जागा नाही.

आता मी पहाटे फिरायला त्याच रस्त्यानं जातो. दिवा चांगला आहे, उसाच्या चार सरी आतपर्यंत उजेड जातो. साडेपाचला कंपनीची बस फाट्यावर थांबते, जरा वेळ हॉर्न वाजवते आणि निघून जाते. वस्तीकडून कोणी येत नाही.