हुपरीच्या काट्यावर डिफरन्शियल

ती दोन सीटची परदेशी गाडी आमच्या गॅरेजात आली, तेव्हा मालक खाली उतरून पहिलं बोलले ते असं : "मला फसवलंय. कुणी, ते तुमी सांगा."

मालक हुपरीचे, चांदीचे व्यापारी. वयानं माझ्याएवढेच, पण सगळे त्यांना शेट म्हणत. त्यांना शर्यतींचा नाद होता. मुंबईच्या एका दलालानं वरचं मॉडेल म्हणून ही जुनी गाडी त्यांच्या गळ्यात मारली होती. पण रिकाम्या रस्त्यावर जोरात काढली की मागं टायरचा एकच काळा पट्टा उमटायचा. चाकं दोन असताना पट्टा एक कसा, हा त्यांचा सवाल होता आणि तो रास्त होता.

उद्यमनगरातलं ते गॅरेज मी आणि मामा मिळून चालवत होतो. मामा नात्यातले नव्हेत. तिथले जुने मिस्त्री. मी कोडोलीचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बोर्डिंगात राहून मी इंजिनियर झालो. कॉलेजातल्या वर्कशॉपच्या सरांनी एक डिफरन्शियल कापून उघडं ठेवलं होतं आणि ते आमच्याकडून हातानं फिरवून घेतलं होतं. वळणावर बाहेरचं चाक जास्त पळतं, आतलं कमी. दोघांना आपापल्या वेगानं फिरू देणारी ही पेटी. तिचा दोष एवढाच, की एक चाक घसरायला लागलं की इंजिनाचा जोर त्याच चाकात वाया जातो. महागड्या मॉडेलात पेटीच्या आत चकत्या असतात, त्या हे घसरणं आवरतात. त्याला लिमिटेड स्लिप म्हणतात. शेटांच्या गाडीत साधीच पेटी होती, म्हणजे गाडी सगळ्यात खालच्या मॉडेलची. हे मी त्यांना समजावून सांगू शकलो ते त्या सरांच्या कृपेनं.

शेटांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तुमी कशावरनं खरं बोलताय?"

महिन्याभरानं ते चकत्यांची पेटी घेऊन आले. पाहुण्यांकरवी परदेशातून मागवलेली, वापरलेली, काळ्या चिकट्यानं माखलेली. दुसऱ्या हातात त्यांच्या पेढीवरचा काटा होता. हुपरीत घरोघर पैंजण घडवायला चांदी देतात ती वजन करून, आणि माल परत घेतात तोही वजन करून. शेटांनी पेटी काट्यावर ठेवली, आकडा मला वाचायला लावला, मामांना वाचायला लावला आणि मग म्हणाले, "आता उघडा."

मामा हसले. म्हणाले, आजवर गाड्या लई बघितल्या, पर गाडीचं लेकरू तोलून देणारा बाप पहिल्यांदाच बघतोय. शेट हसले नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं आणि गाडीपाशी बसून राहिले. मधूनच मोबाइलवर कानडीत बोलत. मला कानडी येत नाही. त्यातला 'इंजिनियर' तेवढा शब्द कळायचा आणि त्यापुढं ते आवाज खाली आणायचे. मी पान्हा फिरवत होतो, पण कान तिकडंच होता.

काम नीट चाललं होतं. पेटी उघडली, रॉकेलात धुतली, चकत्या तपासल्या, झिजलेल्या दोन वेगळ्या काढून शेटांच्याच पिशवीत टाकल्या, सोबत आलेल्या नव्या बसवल्या. दुपारी मी एमआयडीसीत एक वायसर, म्हणजे वॉशर, घासून आणायला गेलो. शेट जेवायला गेले. मामा एकटेच गॅरेजात होते.

संध्याकाळी, गाडीत बसवण्याआधी, पेटी पुन्हा काट्यावर चढली. शेटांनी नव्या चकत्यांचं आधीच तोलून ठेवलेलं वजन वजा केलं, जुन्यांचं मिळवलं. आकडा कमी आला. थोडाथोडका नाही, मूठभर चांदी होईल एवढा.

शेटांनी तो पुन्हा मला वाचायला लावला, मग मामांना. हुपरीच्या व्यापाऱ्यांच्या जीप, व्हॅन नुकत्याच आमच्याकडं यायला लागल्या होत्या. तिथं माणसाचं नाव एकदा खोटं ठरलं की मग गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत ते खोटंच राहतं. कोडोलीत वडील दूध घालायला डेअरीत जात आणि माझ्या गॅरेजाचं सांगत फिरत. ते नाव आता त्या काट्यावर होतं.

शेट बाहेर फोनवर गेले तसा मी पेटी परत उघडली आणि चकत्या एकेक करून बघितल्या. सगळ्या होत्या. मान वर केली तर मामा दारात उभे.

"माल मोजलास व्हय?" ते म्हणाले. "मोज की. कुलपाची किल्ली बी तूच ठेव आजपासनं."

मी म्हणालो, तसं नाही मामा. पण तसंच होतं, आणि ते त्यांना दिसलं होतं.

शेट आत आले. मी सांगितलं की कमी झालेलं वजन लोखंडाचं नाही, चिकट्याचं आहे. धुतलेली वस्तू हलकी होणारच. शेट म्हणाले, "मग धूळ दाखवा." त्यांच्याकडं कारागिराच्या घरातली झाडलेली मातीसुद्धा जपून ठेवतात, गाळतात, त्यातून चांदी काढतात. माल कमी भरला तर माती बोलते.

आमच्याकडं रॉकेल फेकत नसत. डब्यात निवळू द्यायचं, वरचं परत वापरायचं, तळाला गाळ राहायचा. मी डबा आणला. गाळ जेमतेम बोटभर. मामांनी दुपारीच अर्धा गाळ शेजारच्या चहावाल्याला दिला होता, त्याच्या टपरीच्या खांबांना वाळवी लागली होती म्हणून. आम्ही तिघं टपरीवर गेलो. खांब काळे, ओले, रॉकेलचा वास. शेटांनी खांबाला बोट लावलं, चोळून बघितलं, हुंगलं. चहावाल्याला मामांनी न विचारताच सांगितलं की हे पावणं तुझ्या टपरीचं वजन करायला आल्यात.

उरलेला गाळ तोलला, दिलेल्या अर्ध्यापायी दुप्पट धरला. आकड्याच्या जवळ आला, पण पुरा नाही. शेटांनी गाळ काट्यावरून उतरवला, काटा पुसला. मग म्हणाले, "एवढी घट आमच्यात बी पडती. धरून चालतो आमी."

घट म्हणजे कारागिराला माफ असलेली तूट. त्यात उडून गेलेली चांदी येते आणि उचललेलीही येते. व्यापारी त्यात फरक करत नाही, फक्त एका मर्यादेपर्यंत विचारत नाही. मला त्यांनी खरं मानलं की चालवून घेतलं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

पेटी बसवली. गाडी चांगली निघाली, ओल्या मातीतूनही. शेटांनी तोंडभरून आभार मानले. मामा आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले.

पुढच्या महिन्यात हुपरीहून एक गृहस्थ जीप घेऊन आले. शेटांनीच तुमचं नाव सांगितलं, म्हणाले. मला हायसं वाटलं. मी त्यांना बसायला दिलं, चहा मागवला. त्यांनी गॅरेजभर नजर फिरवली, मामांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं,

"तुमच्याकडं घट किती धरायची?"