मागच्या सीटचा डावा कोपरा

देव, भूत, करणी, भानामती... यातलं काहीही मी मानत नाही. आजही नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे "आला आणखी एक अंगारेवाला" असं म्हणून कुणी पान उलटायला नको. आमचं घर बौद्ध. छप्पन सालानंतर आमच्या आप्पांनी घरातले देव टोपलीत भरले आणि ओढ्यात सोडून दिले. जिथं देवाचीच डाळ शिजली नाही तिथं भुताला कोण विचारतो?

त्यात माझी नोकरी विजेच्या खात्यात, हुमनाबादला. फॉल्ट शोधणं हाच धंदा. गावाची लाईट गेली की लोक म्हणायचे देवीचा कोप झाला, मी म्हणायचो खांबावरच्या तारेचा जंपर तुटलाय. आणि जंपरच तुटलेला असायचा. आमच्या भागात म्हैस आटली तरी माणसं गाणगापूरची वाट धरतात. मी मात्र टेस्टर काढणाऱ्यातला. तेव्हा आता जे सांगतोय ते टेस्टर, मीटर सगळं लावून झाल्यावर सांगतोय, हे ध्यानात ठेवा.

ऐंशी सालाच्या थोडं पुढची गोष्ट. गुलबर्ग्याच्या एका कापड व्यापाऱ्याकडून मी जुनी मोटार घेतली. पांढरी, गोल बॉनेटची, मागं बाकासारखी सलग सीट. आमच्या हळ्ळीखेडच्या वस्तीत कुणाच्या दारात सायकल असली तरी कौतुक व्हायचं, तिथं माझ्या दारात मोटार उभी राहिली! लोक दोन-दोनदा येऊन हात लावून जायचे. पण खरी हौस होती ती आमच्या आप्पांची.

आप्पांनी उभा जन्म गावातल्या एका सावकाराकडं सालदारकी केली. सावकाराची मोटार होती. मोटार वाड्यासमोर आली की पळत जाऊन मागचं डावं दार उघडायचं, हे आप्पांचं काम. मालक नेहमी तिथंच बसायचा... मागं, डावीकडं. दार उघडायचं, अदबीनं लावायचं, आणि मग धूळ खात मागं उभं राहायचं. माझी गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा आप्पांनी तेच दार उघडलं, क्षणभर तसेच थांबले, आणि मग आत बसले.

"ह्या दाराचा खटका मला लई वर्सापासून ठाव हाय," ते हसत म्हणाले. "आतलं आज कळालं. चल, बिगी बिगी काढ."

मी गाडी काढली. गावाबाहेर पडलो आणि डॅशवर लाल दिवा लागला... चार्जिंगचा. पाठोपाठ ऑईलचा. मग पिकअप गेला. ॲक्सिलरेटर पार तळाला टेकवलाय, आणि गाडी म्हणजे चिखलातनं चालणारा बैल. कशीबशी घरी आणली. आप्पा उतरले, बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "माझं वजन सोसंना हिला." सगळे हसले. मी पण हसलो.

दुसऱ्या दिवशी एकटा हुमनाबादला गेलो, तर गाडी वाऱ्यासारखी. दिवा नाही, काही नाही.

तिथं आमचा खाजाभाई मिस्त्री. त्यानं प्लग साफ केले, पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, कार्बुरेटरचा जेट फुंकून बसवला. पेट्रोलची नळी उलटी करून बघितली. गाडी झकास चालू झाली. पुढच्या रविवारी बायको शांता आणि आप्पा यांना घेऊन बिदरला निघालो, आणि हळ्ळीखेड मागं पडायच्या आत पुन्हा तेच. दोन्ही दिवे, पिकअप खलास.

"लोड नई खींच रई साब," खाजाभाई म्हणाला. "रिंगां गये दिखते."

पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील म्हणून कॉम्प्रेशन तपासलं. चांगलं. गज बुडवून बघितला, ऑईल भरपूर. मी स्वतः मीटर लावला. लाल दिवा ढणढणीत लागलाय आणि डायनामो व्होल्टेज पूर्ण देतोय! चार्जिंग होत असताना चार्जिंगचा दिवा लागूच शकत नाही. आमच्या धंद्यात याचा एकच अर्थ — कुठंतरी वायर शॉर्ट आहे. मला बरं वाटलं. शॉर्ट म्हटलं की माझी हद्द आली.

आम्ही चाचणीच सुरू केली. ज्वारीची पोती आणली. डिकीत दोन ठेवली, गाडी ठीक. पुढच्या सीटवर एक, ठीक. मागं उजवीकडं, ठीक. तेच पोतं उचलून मागं डाव्या कोपऱ्यात ठेवलं... गॅरेजच्या बाहेर जाईपर्यंत दोन्ही दिवे लागले. पोतं काढलं, दिवे गेले. खाजाभाई स्वतः त्या कोपऱ्यात जाऊन बसला, दिवे लागले. तिथनं सरकून मध्ये आला, विझले. पुन्हा सरकला, पुन्हा लागले. चौथ्यांदा मी सरका म्हटलं तर तो दार उघडून खालीच उतरला.

"वायर आहे सीटखाली," मी म्हणालो. "वजनानं दबतेय. काढा सीट."

सीट काढली. खाली कोरा पत्रा. वायर सोडा, वायर जायला भोकसुद्धा नव्हतं. पण सीट उलथी करून परत बसवताना एक गोष्ट दिसली. सगळ्या सीटचं रेग्झिन उसवलेलं, उन्हानं तडकलेलं, बसून बसून खड्डे पडलेले. डावा कोपरा तेवढा नवाकोरा. दुकानातनं आणल्यासारखी चकाकी. आमच्या आधी इतक्या वर्षांत तिथं कुणी बसलंच नव्हतं.

खाजाभाईनं हात पुसले. "साब, उस कोने में किसी कू बिठाव नक्को. बाकी गाडी हीरा है."

माझं डोकंच सणकलं. त्याच्यावर नाही, त्या गाडीवर. आमच्या बापजाद्यांना चावडीवर कुठं बसायचं, हॉटेलात कुठं बसायचं, शाळेत कुठं बसायचं, ते दुसऱ्यांनी सांगितलं. आता माझ्या पैशानं घेतलेलं हे डबडं माझ्या बापाला सांगणार, इथं बसू नको म्हणून? मी खाजाभाईला तसं बोलूनही दाखवलं, चारचौघांत, मोठ्यानं. तो बिचारा पान्हे गोळा करायला लागला.

तडक गुलबर्ग्याला गेलो, व्यापाऱ्याला गाठलं. म्हटलं, खरं सांगा, गाडीत कोण मेलं? कुठं ठोकर झाली? तो माणूस अगदी गोंधळला.

"तसलं काय न्हाई हो अण्णा," तो म्हणाला. "बसवण्णांची आण. तिथं बसत नव्हतो आम्ही, एवढंच. आम्ही जुनी घेतली तवाबी आधीच्या मालकांनी तसंच सांगितलं हुतं. त्यांनाबी कुणी तरी सांगितलेलं. कामून, ते कुणालाच ठाव न्हाई. आमाला सवय झाली, तुमाला सांगायचं ध्यानातच न्हाई राहिलं."

घ्या! म्हणजे कारणाला सुरुवातच नाही. मी तसाच हात हलवत परत आलो.

आप्पांना काय सांगायचं हा प्रश्न होता. मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही पुढं बसत जा. पुढनं रस्ता चांगला दिसतो."

"मागं बसलो तर काय हुतंय?"

आप्पांपुढं मला खोटं बोलता येत नाही. सांगितलं सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले, आणि पुढच्या सीटवर बसले. ते "बरं" मी आधी ऐकलेलं होतं. लहानपणी, सावकाराच्या ओसरीखाली उभे असताना आप्पा असंच म्हणायचे. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मग आला तो दिवस. मार्गशीर्षातली दुपार, रानात तूर फुलावर होती. गाडी तापली असं म्हणायलासुद्धा जागा नाही अशी थंडी. आप्पांच्या पोटात सकाळपासून कळ होती, दुपारपर्यंत ते वाकून वाकून ओरडायला लागले. गावातल्या डॉक्टरनं पोटाला हात लावला आणि त्याचा चेहराच बदलला.

"आतड्याला पीळ पडलाय. बिदरला न्या, आत्ताच्या आत्ता. ऑपरेशनला उशीर झाला तर काही खरं नाही."

दारात गाडी होती. दुसरं काही मिळवण्याइतका वेळ नव्हता. आप्पांना मागं आडवं घातलं. उजवीकडं शांता बसली, तिच्या मांडीवर त्यांचं डोकं. उंचापुरा माणूस... पाय डाव्या कोपऱ्यात जाणारच. मी ते बघत होतो आणि बघूनही गाडी काढली.

वेशीपाशीच लाल दिवा लागला. मग ऑईलचा. पण सपाटीवर गाडी रडत-खडत का होईना चालत होती. बिदरच्या अलीकडं लाल मातीचा चढ लागतो, तिथं तिनं मान टाकली. पहिल्या गिअरमध्ये चढेना. मागं सरकायला लागली तसा मी हँडब्रेक ओढला. उतरून दगड लावला, मागचं दार उघडलं, आप्पांचे पाय मुडपून बघितले. ते असे किंचाळले की माझे हातच सुटले. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी गाडीच्या पत्र्यावर लाथा घातल्या. तोंडाला येईल ते बोललो. "कोण आहेस, सांग तरी! माझा बाप मरायलाय, दिसत न्हाई का तुला?" — मी, टेस्टरवाला माणूस, सीटच्या कोपऱ्याशी भांडत होतो, आणि रडत होतो. हे लिहायला लाज वाटत नाही.

"कामून करायलास एवढा कालवा?" आतनं आप्पांचा आवाज आला. "गाडी कामून थांबायली?"

शांता म्हणाली, "मामा, ती जागा..."

"हां." आप्पांनी कोपराचा टेकू घेतला. मग म्हणाले, "उठीव मला. बसीव."

"आप्पा, नका हलू —"

"बसीव म्हणतो न्हवं!"

आम्ही दोघांनी धरून उठवलं. घामानं सदरा भिजलेला, दातखीळ बसावी तसे दात आवळलेले. आप्पा कोपऱ्यात बसले नाहीत. कोपऱ्यापासून जरासे अलीकडं, एका माणसाला जागा राहील एवढं सरकून बसले. आणि त्या मोकळ्या जागेवर त्यांनी हात ठेवला, शेजारच्या माणसाला बोलावताना ठेवतो तसा.

"हे बघ बाबा," ते म्हणाले. "जागा तुजी आसंल. मी न्हाई म्हणत न्हाई. पर मी आता इथनं उठणार न्हाई. लई उठलोय जन्मभर. तू बी ये. दोघं मावतो." मग हातानं जागा थोपटून, "बस की. इटाळ न्हाई हुत."

सीटच्या स्प्रिंगचा आवाज झाला. करकर असा, कुणी जपून बसावं तसा. मी दाराशी उभा होतो, डोळ्यांनी बघत होतो. नव्याकोऱ्या रेग्झिनला हळूहळू खळगा पडला.

शांतानं माझ्याकडं बघितलं. तीच म्हणाली, "चला आता. बघत काय बसलात!"

दगड काढला, गाडीत बसलो, किल्ली फिरवली. दोन्ही दिवे विझले. पहिला गिअर, दुसरा... गाडी तो चढ गाणं म्हणत चढली. मी आरशात बघायचं टाळलं, खरं सांगतो. शांतानं मात्र सगळं बघितलं. ती पुढं कितीदा तरी सांगायची, की आप्पांची शुद्ध हरपत होती, तिच्या एकटीनं ते सावरत नव्हते, आणि ते डावीकडं कलले. दारापर्यंत नाही. मधेच. मान टेकवून, तिरके, जवळ बसलेल्याच्या खांद्यावर टेकावी तशी. रस्त्यात इतके खड्डे, इतकी वळणं, पण ते पडले नाहीत. मोकळ्या हवेवर मान टेकवून कुणी झोपतं का हो?

ऑपरेशन वेळेत झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती लागले नसते.

आप्पा त्यानंतर चांगले जगले, आणि शेवटपर्यंत मागंच बसले. कोपऱ्यापासून जरा अलीकडं. ते असले की दिवा कधी लागला नाही. मी एकटा कोपऱ्यात बसून खाजाभाईला गाडी चालवायला लावली, तर लागला. मीटर लावला, वायरिंग सगळं नवं केलं, तरी लागला. शेवटी मी पान्हा खाली ठेवला. अजून कुणी मोटार-इंजिनिअर भेटला की विचारतो, तो हसतो, विषय बदलतो. मी अजूनही भूत मानत नाही, आणि झालं ते नाकारतही नाही. या दोन गोष्टी एका माणसात कशा राहतात ते मला ठाऊक नाही, पण राहतात.

एकदा मात्र मला राहवलं नाही. आप्पा अंगणात ऊन खात बसले होते, मी जवळ जाऊन विचारलं, "आप्पा, कोण होतं हो ते? काही बोललं का? कुठलं, कोण, काही कळलं?"

"मी न्हाई इचारलं."

"कामून?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी काही तरी वेडंवाकडं बोललो असल्यासारखं.

"आपल्या जवळ येऊन बसलेल्या माणसाला तू कोण, कुणाचा, असं इचारू नये, लेका. आपल्याला लई इचारलं लोकांनी."