पोटात घाल

उदगीरच्या प्रफुल्लता सोनकांबळे यांना गावात कुणी मानसशास्त्रज्ञ म्हणत नाही. 'बोलायच्या डॉक्टर' म्हणतात. गोळी नाही, सुई नाही, नुसतं बोलायचं. चर्चच्या आवारातल्या एका खोलीत त्या बसतात. दारावर क्रूस आहे, पण येणाऱ्या बाया बहुतेक लिंगायत, मराठा, मुसलमान. क्रूसाबद्दल तक्रार कुणाचीच नसते.

महिन्यातून एका संध्याकाळी या खोलीत पोलंड आणि केनियाही येतात, लॅपटॉपच्या पडद्यावर. निरनिराळ्या देशांतल्या ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञांचा हा गट. मन दुखावलेल्या माणसांसाठी ते मिळून एक धडा तयार करत होते. इंग्रजीत लिहायचा, मग ज्याने त्याने आपल्या भाषेत न्यायचा आणि खऱ्या माणसांबरोबर करून बघायचा. धड्याच्या शेवटी, दुखावणारं माणूस समोर बसलंय असं मानून, रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणायचं एक वाक्य होतं. प्रफुल्लताबाईंनी त्याचं सरळ मराठी केलं : 'मी तुला माफ केलं.' पुढच्या महिनाअखेरीस धडा सगळ्या भाषांत छापला जाणार होता.

पहिल्यांदा तो केला नीलाबाईंनी. मुलींच्या वसतिगृहात त्या स्वयंपाक करतात. त्यांची आई देवणीला, धाकट्या बहिणीच्या, महानंदाच्या घरी वारली, आणि महानंदाने कळवलं ते सगळं आटोपल्यावर.

"आईचं तोंड न्हाई दिसलं, मॅडम. मूठभर मातीबी माझ्या हातची पडली न्हाई."

मूठमाती लिंगायतांतही असते, ख्रिश्चनांतही. प्रफुल्लताबाईंना पुढचं समजावून सांगावं लागलं नाही.

आता महानंदाच्या मुलीचं, शिवानीचं, लग्न ठरलं होतं. नीलाबाईंनी तिला अंगाखांद्यावर खेळवलेलं. लग्नाला जायचं होतं, पण बहिणीचं नाव निघालं की घास घशाखाली उतरत नव्हता.

खुर्चीसमोर त्या रडल्या, वाक्य म्हणाल्या, हलक्या झाल्या. प्रफुल्लताबाईंनी गटाला कळवलं. गटाची प्रमुख आग्न्येश्का हिने पोलंडहून अभिनंदन केलं.

नीलाबाईंनी मात्र धड्यात नव्हतं ते केलं. एसटीत बसून देवणी गाठली आणि तेच वाक्य बहिणीच्या दारात उभं राहून म्हणाल्या. खुर्ची उलटून बोलत नाही. बहीण बोलते.

"म्हणाली, अक्का, तू जज कवा झालीस? माफी कैद्याला असती. मी काय खून केलाय? का ती चर्चवाली बाई पाठवायली तुला?" नीलाबाई पदराचं टोक पिळत होत्या. "मला द्यायला लग्नाची पत्रिका काढली होती, ती घेऊन आत गेली. मॅडम, तुमच्या वाक्यानं होती ती बहीणबी गेली."

पुढच्या बैठकीत प्रफुल्लताबाईंनी आधी तेच सांगितलं. "मराठी धडा थांबवा."

आग्न्येश्का गोंधळली. "क्षमा तर आपल्या श्रद्धेचा गाभा. ती काढायची?"

"क्षमा नाही, वाक्य काढायचं. आमच्याकडे 'माफ केलं' म्हणणारा वर उभा असतो, ऐकणारा खाली."

केनियाच्या वांजिरूने विचारलं, "तुझ्या घरात भांडण मिटतं, तेव्हा कोण काय म्हणतं?"

"कोणी काही म्हणत नाही. सासूबाई 'जेवलीस का' विचारतात, म्हणजे मिटलं."

सगळे हसले. हसता हसता प्रफुल्लताबाईंना आई आठवली. चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी ती लेकीचं बोट धरून गल्लीतल्या दारोदारी जायची. "चुकलंमाकलं पोटात घाला," म्हणायची. समोरचीही तेच म्हणायची. चूक कुणाची, ते कधी निघायचंच नाही. त्यांनी ते गटाला सांगितलं.

"कुठे घाला?" वांजिरूला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"पोटात."

"तिथे त्याचं काय होतं?"

"पचतं."

"आणि नाही पचलं तर?"

"ते देवणीला जाऊनच कळेल," प्रफुल्लताबाई म्हणाल्या.

"मराठीची पानं मागे ठेवते. जाऊन ये तू," आग्न्येश्का म्हणाली. "पोलिश वाक्य मी घरात कुणाला ऐकवलंच नाही. आता आईला ऐकवते."

नवं वाक्य ऐकून नीलाबाई आधी भडकल्या. "चूक तिची, अन् पोटात घाल म्हणू मी?"

"मूठमातीचं नाही. दारात जाऊन बोललात, तेवढ्याचं. वाक्य माझं होतं, म्हणून मीही येते."

देवणीला महानंदा ओसरीवर गहू निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"महानंदा, त्या दिशी दारात येऊन बोलले, ते पोटात घाल."

तिने सूप खाली ठेवलं. मग महानंदाने प्रफुल्लताबाईंकडे पाहिलं. "ह्याच का त्या?"

"हाव."

"बसा म्हणावं त्यान्ला."

ती आतून पाणी घेऊन आली आणि उभीच राहिली. "शेवटी आई कुणालाच वळखत नव्हती. तुलाबी वळखली नसती तर तू कशी जगली असतीस, म्हणून न्हाई कळवलं. चुकलं. ते तू पोटात घालशील का, अक्का?"

इथे काय म्हणायचं, ते धड्यात लिहिलेलं होतं. प्रफुल्लताबाईंनी ते सुचवलं नाही.

नीलाबाईंनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "आज न्हाई व्हायचं गं. लई मोठा घास हाय." मग सूप आपल्याकडे ओढलं. "रुखवताचं काय केलंस?"

"काय करते? कुणाला येतंय इथं?"

"येडी. आजून सुरुवातबी न्हाई?"

महानंदाने आतून पत्रिका आणली. पत्रिकेला हळदकुंकू आधीच लावलेलं होतं.

प्रफुल्लताबाई परतीच्या एसटीत एकट्याच बसल्या. वाटेत आग्न्येश्काचा संदेश आला : त्या बाईंनी क्षमा केली का?

प्रफुल्लताबाईंनी विचार केला आणि लिहिलं, 'रुखवत करायला राहिल्या आहेत.'